मेडिकल स्कूलसाठी मुलीचा सायन्स जीपीए वाढवायचा आहे, मदत हवी आहे

मंडळी, अमेरिकेत मेडिकलला गेलेल्या मुलांचे आईवडील किंवा स्वतः त्यातून गेलेलं कुणी इथे असेल तर सल्ला हवाय.

लेक न्यू जर्सीत बायोलॉजी करतेय, आता ज्युनियर (तिसरं) इयर सुरू होईल. एकूण जीपीए (ग्रेड्सची ४ पैकी सरासरी) ३.४, पण बीसीपीएम (बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स एवढ्यांचाच) ४० क्रेडिट्सवर ३.०५. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मिळाली. सायकॉलॉजी, स्पॅनिशमधल्या ए त्यात धरत नाहीत. नीटसारखी एक परीक्षा, एक रँक असं इथे नसतं, हे नागपूरच्या नणंदबाईंना अजून पटलेलं नाही.

ऑरगॅनिक परत घ्यावी का? नवी ग्रेड आली की जुनी जाते, असं तिची मैत्रीण म्हणते. की डिग्रीनंतर एक वर्षाचं स्पेशल मास्टर्स (मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठीचा कोर्स) करावं? त्याची फी बघून नवरा गप्पच झालाय.

प्रतिसाद
ताई, जुनी ग्रेड जात नाही. कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवरून गेली तरी ॲमकासच्या (एमडी कॉलेजांच्या सामायिक) अर्जात दोन्ही मोजतात. डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिकल) कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवीच धरायचे, तेही २०१७पासून बंद झालं.

हिशेब करून बघा. आज ४० क्रेडिट्सचे १२२ पॉइंट्स आहेत (४० गुणिले ३.०५); ए म्हणजे दर क्रेडिटला ४ पॉइंट्स. ऑरगॅनिक (४ क्रेडिट्स) परत घेऊन ए आणली तर १३८ भागिले ४४, म्हणजे ३.१४. त्याऐवजी ४ क्रेडिट्सची बायोकेमिस्ट्री घेऊन ए आणली तरी तेच ३.१४! मग तोच विषय परत कशाला? सी बहुतेक ठिकाणी चालते; सी मायनस असती तर गोष्ट वेगळी. शिवाय बायोकेम एमकॅटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) लागतेच.

प्रतिसाद
वरच्यांशी सहमत. मास्टर्सबद्दल: त्या ग्रेड्स ॲमकासमध्ये वेगळ्या रकान्यात जातात, ३.०५ जागचा हलत नाही. डिग्रीनंतर अंडरग्रॅड पातळीचे कोर्स केले (पोस्ट-बॅक) तर ते मात्र मिळवले जातात. आणि ज्युनियर इयर संपल्या संपल्या मे-जूनमध्ये अर्ज करायची घाई नको. पुढची ३० क्रेडिट्स ३.८ने केली तर ३.३७ होतो आणि चढता आलेख दिसतो. त्यासाठी सीनियर (चौथ्या) इयरच्या ग्रेड्स हातात हव्यात, म्हणजे एक गॅप इयर (डिग्री आणि मेडिकलच्या मधलं वर्ष) आलंच. स्टॅटिस्टिक्स राहिलं असेल तर घ्या, ते मॅथ्समध्ये धरतात.

धागाकर्ती
खूप आभार. गॅप इयर ऐकून तिचा चेहरा पडलाय, पण आकडे तिने स्वतः मांडून पाहिले. आता एकच: फिजिक्सचा दुसरा भाग उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) केला तर? बराच स्वस्त पडतो.

प्रतिसाद
ग्रेड तितकीच मोजतात, पण काही मेडिकल स्कूल्सना असे विषय चार वर्षांच्या कॉलेजातच केलेले हवे असतात. ऑरगॅनिकमध्ये सी असताना अवघड सायन्स तिकडे हलवलं तर पळवाट वाटेल. स्पॅनिश-बिनिश तिकडे करा, फिजिक्स स्वतःच्याच कॉलेजात.