‘बफर रिकामा करणे’ : फ्लश की क्लिअर?

प्रश्न : ‘फ्लश’साठी ‘बफर रिकामा करणे’ लिहिलं तर चालेल का? ‘क्लिअर’लाही बरेच जण हेच म्हणतात.

उत्तर : म्हणूनच नको. बफर (डेटा तात्पुरता साठवायची जागा) रिकामा झाला हे कळतं, पण आतला डेटा कुठे गेला हे कळत नाही. क्लिअर केलं की डेटा गेलाच. फ्लश केलं की तो पुढच्या टप्प्यावर गेला. तोही थेट डिस्कवर पोचला असं नाही. सी भाषेतलं एफफ्लश हे फंक्शन डेटा ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली करून मोकळं होतं. मी सरळ ‘फ्लश करणे’च लिहितो, आणि समजावून सांगायचं असेल तर ‘साठलेलं पुढे लिहून टाकणे’.

आणखी एक मुद्दा : बिटच्या पातळीवर फ्लशचा अर्थ थोडा वाढतो. बफरमध्ये सुटा बिट टाकता येत नाही, निदान एक बाइट लागतो. त्यामुळे बिट-रायटर (बिट्स लिहिणारा कोड) आठ बिट्स जमेपर्यंत थांबतो. समजा १०१ लिहिले, मग ०११०. झाले सातच. आता फ्लश केलं तर आठवा त्याला पदरचा घालावा लागतो. शून्य घातलं तर १०१०११००, म्हणजे १७२. जेपेग चित्रांमध्ये शेवटी शून्याऐवजी १ भरतात, तिथे हाच बाइट १७३ होईल.

प्रश्नकर्ता : या ‘पॅडिंग’ला काय म्हणायचं?

उत्तर : ‘भरीचे बिट्स’. भरीचा शब्द म्हणतो तसंच. ‘पूरक’ नको, त्यातून ते उपयोगाचे आहेत असं वाटतं.

आणखी एक मुद्दा : वरचा १७२ हा बिट्स १२८ किमतीच्या जागेपासून भरले तर. डेफ्लेट ही डेटा आकसण्याची पद्धत (आरएफसी १९५१ हा इंटरनेट-दस्तऐवज, सन १९९६) उलट, १ किमतीच्या जागेपासून भरतं. त्या क्रमाने ५ (१०१) आणि ६ (०११०) याच किमती लिहिल्या तर बाइट ००११०१०१ होतो, म्हणजे ५३. तेव्हा ‘पहिला बिट’, ‘डावीकडचा बिट’ असं मोघम लिहू नका. डावं-उजवं कागदावर असतं. एमएसबी (सर्वांत मोठ्या किमतीचा बिट), एलएसबी (सर्वांत लहान किमतीचा) सगळ्यांना कळतं.

प्रश्नकर्ता : आणि वाचताना भरीचे बिट्स ओळखायचे कसे?

उत्तर : नुसते बघून नाही ओळखता येत. एकूण बिट्सची संख्या आधी लिहून ठेवा, नाहीतर डेफ्लेटसारखी समाप्तीची वेगळी खूण ठेवा.