सल्ला हवा: ऑस्ट्रेलियातलं काल्पनिक गाव, ट्राम लेआउट, ८ × २ फूट

एकेरी_मार्ग

एचओ प्रमाणात (१:८७) व्हिक्टोरिया राज्यातलं सोन्याच्या खाणींचं एक काल्पनिक गाव करायचं आहे. काळ १९५० च्या आसपास, नाव कूपर्स रीफ. जागा पुण्यातल्या घरात भिंतीलगत २४०० × ६०० मिमी. दोन चारचाकी ट्राम, एकेरी मार्ग, मधे एक लूप (दोन ट्रामना एकमेकींना ओलांडता यावं म्हणून दुहेरी मार्गाचा तुकडा), दोन्ही टोकांना टर्मिनस. ट्राम आपोआप ये-जा करत राहाव्यात, पण संगणक आणि डीसीसी (रुळांतून डिजिटल आदेश देण्याची पद्धत) नको.

रूळ कोणते घ्यावेत, ते रस्त्यात कसे बुजवावेत आणि वायरिंग कसं करावं? शिवाय गाव युरोपातलं वाटू नये म्हणून काय सांभाळावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मुरूमटेकाड

आधी खऱ्या गावांकडे बघा. व्हिक्टोरियात मेलबर्न सोडलं तर विजेच्या ट्राम तीनच ठिकाणी होत्या: बेंडिगो (१९०३ ते १९७२), बॅलरॅट (१९०५ ते १९७१) आणि जिलाँग (१९१२ ते १९५६). तुमचं गाव चौथं, म्हणून बेंडिगोचा धाकटा भाऊ समजून करा. ट्राम सरकारी वीज मंडळाची, रंग हिरवा आणि क्रीम. गाडी बर्नी जातीची (छोटी चारचाकी ट्राम) घ्या. तिच्या चाकांमधलं अंतर ८ फूट, म्हणजे एचओत २८ मिमी. लांबी साधारण ९८ मिमी. मोटरवालं तयार चाकगाडं घेताना हा २८ चा आकडा जुळवा. तीन-चार मिमी इकडेतिकडे झाले तरी बाजूच्या पट्टीआड झाकतात.

गेजचं (दोन रुळांमधल्या अंतराचं) गणित तुमच्या बाजूने आहे. तिथल्या ट्राम १४३५ मिमीवर चालत, तेच एचओत बरोबर १६.५ मिमी. रेल्वे मात्र १६०० मिमीची, म्हणजे १८.४ मिमी. टर्मिनसजवळ रेल्वे फाटक दाखवायचं असेल (बॅलरॅटला लिडियार्ड स्ट्रीटवर ट्राम रेल्वेचे रूळ सपाटीवर ओलांडायची) तर रेल्वेचा तुकडा नुसता दिखाऊ ठेवा आणि १८.४ लाच लावा. दोन गेज शेजारी दिसले की जाणकार तिथेच थबकतो. रेल्वेचा रूळ ट्रामच्या रुळाला कुठेही टेकू देऊ नका, दोन्हीकडे १ मिमी फट सोडा. नाहीतर शॉर्ट.

आणि रस्ता रुंद ठेवा! तिथे मुख्य रस्ता दीड चेन म्हणजे ३० मीटर असणं नेहमीचं, बॅलरॅटची स्टर्ट स्ट्रीट तर तीन चेन. दीड चेन एचओत ३४६ मिमी होते. तुमच्या ६०० मध्ये ती बसणार नाही, पण २२० च्या खाली उतरलात की गाव युरोपातलं दिसायला लागेल. पुढच्या बाजूची घरं सरळ गाळा, फक्त फुटपाथ ठेवा.

पातळ_सोल्डर

रुळांबद्दल. कोपऱ्यावर वळण २३० मिमी त्रिज्येचं लागेल. तयार लवचीक रूळ इतका वाकवला तर गेज आवळतो आणि जोडावर टोक निघतं. त्यापेक्षा कोड ७५ चा सुटा रूळ (उंची १.९ मिमी) कॉपर क्लॅडच्या (तांब्याचा थर असलेल्या बोर्डाच्या) पट्ट्यांवर झाळा. १.६ मिमी जाडीचा ग्लास इपॉक्सी बोर्ड पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो. पट्ट्या ५ × २८ मिमी कापा. सरळ मार्गावर दर २० मिमीला एक, वळणावर दर १२ ला. प्रत्येक पट्टीचं तांबं मधोमध कानशीने तोडा आणि झाळण्याआधी मीटर लावून बघा. रस्ता बुजवल्यावर एक शॉर्ट पट्टी शोधायला अख्खा रस्ता उकरावा लागतो.

लूप वळणावर ठेवू नका. ९८ मिमीची गाडी २८ च्या चाकांवर २३० च्या वळणात गेली की तिची टोकं जवळजवळ ५ मिमी बाहेर येतात. गाडीची अर्धी रुंदी १४, अधिक ५, वर ३ मोकळे: वळणाच्या बाहेरच्या बाजूला रुळांच्या मध्यापासून २२ मिमीच्या आत खांब किंवा फुटपाथची कड नको. सरळ लूपमध्ये दोन मार्गांच्या मध्यांतलं अंतर ३८ मिमी पुरतं. सांधे (एका मार्गाचे दोन होतात त्या जागा) दोन्हीकडे सारखे फाकणारे, ३०० त्रिज्येचे केलेत तर प्रत्येक टोकाला १५० मिमी जातात. मधे १४० सरळ, एकूण लूप ४४० मिमी.

एकेरी_मार्ग

रस्त्यासाठी पीओपी ओतावं का?

पातळ_सोल्डर

ओता. घट्ट व्हायच्या आत दोन्ही रुळांच्या आतून जुनं चाक फिरवून खाच काढा, मग पॉलिश पेपर मारा.

पावसाळी_प्लाय

इथे असहमत. पीओपी घट्ट होताना थोडं फुगतं आणि चाकाच्या कडेची खाच तेवढी अरुंद होते. पुढे पावसाळ्यात प्लाय हलला की रुळाच्या कडेने तडे जातात आणि त्यांची भुकटी चाकांना चिकटते. ३ मिमीचा सनबोर्ड (फोमचा कडक ताव) वापरा. पट्टी १.६ अधिक रूळ १.९ मिळून उंची ३.५. सनबोर्ड ३, त्याच्या खालच्या अंगाला पट्ट्यांसाठी १.६ खोल खाचा पाडल्या की रस्ता रुळाच्या डोक्याखाली अर्धा मिमी बसतो. हा अर्धा मिमी हवाच, कारण चाक २.८ मिमी रुंद असतं आणि रुळाच्या बाहेर लोंबतं. रस्ता रुळाला समतल झाला तर चाक रस्त्यावर चढतं, वीज तुटते. शिवाय रूळ पुसताना रस्त्याचा रंग निघतो तो वेगळाच.

दोन रुळांमधली सनबोर्डची पट्टी सरळ मार्गावर १३.९ मिमी, वळणावर १३.५. बाहेरच्या तुकड्यांची खालची कड तिरपी तासा, नाहीतर सोल्डरच्या गाठीवर बसून ते उचलले जातात. आतली पट्टी कायमची चिकटवू नका, दुहेरी टेप पुरे.

बोर्ड: १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, ८ × ४ चा एक ताव उभा चिरून अर्धा. १२०० चे दोन भाग करा, म्हणजे जिन्यातून उतरतील. सीलर दोन्ही बाजूंना आणि कडांना लावा. एकाच बाजूला लावलं तर प्लाय ओढला जातो. एमडीएफ पुण्याच्या जुलैत फुगतं.

पातळ_सोल्डर

सनबोर्डचं पटलं. फक्त सांध्याच्या सरकत्या पात्यांजवळ तो १ मिमी मागे ठेवा.

चार_चेंजओव्हर

वायरिंग. साध्या डीसीवर, एका रिलेत (विजेने पलटणाऱ्या स्विचमध्ये) होतं. पुढचा (तुमच्या बाजूचा) रूळ सगळीकडे अखंड ठेवा, तो शून्य. व्होल्टेज बदलता येणारे दोन अॅडॅप्टर मालिकेत जोडा, त्यांचा मधला बिंदू म्हणजे हा शून्य. आता तुमच्याकडे एक अधिक आणि एक उणे टोक आहे. सुरुवात ६ व्होल्टपासून करा आणि प्रत्येक टोकाला अर्ध्या अँपिअरचा फ्यूज टाका.

मागचा रूळ कापून चार भाग करा: डावा अर्धा, उजवा अर्धा, लूपचा मागचा मार्ग, लूपचा पुढचा मार्ग. लूपचे सांधे आपापल्या अर्ध्यात मोडतात. ऑस्ट्रेलियातही वाहतूक डावीकडून, म्हणून उजवीकडे जाणारी ट्राम नेहमी मागच्या मार्गावरून जाणार आणि डावीकडे येणारी पुढच्या. त्यामुळे मागच्या मार्गाला कायम उणे, पुढच्याला कायम अधिक. डावा आणि उजवा अर्धा मात्र नेहमी एकमेकांच्या उलट, आणि ही अदलाबदल रिले करतो.

लूपच्या प्रत्येक मार्गाचा शेवटचा १०० मिमी तुकडा वेगळा कापा आणि ट्राम तिथून ज्या अर्ध्यात जाणार त्याच्याकडून त्याला १एन४००१ डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वीज द्या. मागच्या मार्गाच्या तुकड्यावर डायोडचा पट्टा (त्याच्या एका टोकाला रंगवलेली खूण) उजव्या अर्ध्याकडे. पुढच्या मार्गाच्या तुकड्यावर पट्टा तुकड्याकडे. टर्मिनसची टोकंही १०० मिमीची: डावीकडे पट्टा अर्ध्याकडे, उजवीकडे पट्टा तुकड्याकडे. ट्राम उलट पळाली तर डायोड फिरवू नका, तिच्या मोटरच्या दोन तारा अदलाबदल करा.

असं चालतं: डावा अर्धा उणे, उजवा अधिक. दोन्ही ट्राम लूपकडे येतात, आपापल्या तुकड्यात डायोड वीज अडवतो, थांबतात. रिले पलटला की डायोड वाहू लागतात, दोघी पुढे निघतात आणि टर्मिनसवर थांबतात. पुन्हा पलटला की परत. डीसीसीवर ही युक्ती चालत नाही.

रिले १२ व्होल्ट, चार चेंजओव्हर (दोन्हीकडे पलटणारे चार संपर्क), १४ पिनांचा घ्या. दोन संपर्क दोन अर्ध्यांना लागतात, उरलेले दोन सांध्यांच्या फ्रॉगना (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यांना). डावा फ्रॉग पहिल्या फेरीत शून्य, दुसऱ्यात अधिक. उजवा बरोबर उलट. हे टाळून प्लॅस्टिकचा फ्रॉग वापरलात तर २८ मिमी चाकांतराची गाडी तिथेच मरते. रिलेच्या कॉइलला स्वतंत्र अॅडॅप्टर आणि आलटून-पालटून चालू-बंद होणारा टायमर. ताशी ३० किमी म्हणजे मॉडेलवर सेकंदाला ९६ मिमी. अर्धा मार्ग मीटरभर, म्हणजे दहा-अकरा सेकंद. टायमर २५ वर ठेवा, उरलेला वेळ थांब्याचा वाटतो.

एकेरी_मार्ग

मग सांधे पलटवणार कोण?

चार_चेंजओव्हर

कोणीच नाही. पाती हलक्या स्प्रिंगने डावीकडच्या मार्गाला लावून ठेवायची, बाहेर पडणारी ट्राम चाकांनीच ती ढकलते. तयार सांध्यातली कडक स्प्रिंग काढा आणि ०.३ मिमी फॉस्फर ब्राँझची तार लावा. तरी पाती ढकलताना गाडी रुळावरून उतरली तर वजन कमी आहे. या लांबीला ८० ग्रॅमच्या आसपास हवं. शिशाचे तुकडे जमिनीलगत ठेवा, छतात नकोत.

मुरूमटेकाड

ओव्हरहेड तारेबद्दल कुणी बोललं नाही. उंची रुळापासून ६३ मिमी, तार ०.३ ची, खांब २ मिमी पितळी नळीचे, प्लायमधून आरपार. तारेत वीज सोडू नका. टर्मिनसवर कंडक्टर दोरीने ट्रामच्या छतावरचा, तारेतून वीज घेणारा दांडा उलट बाजूला नेत असे, ते मॉडेलमध्ये होणार नाही. मोकळा दांडा परतीला तारेत अडकतो आणि खांब पाडतो. म्हणून दांडा स्थिर, तारेच्या १ मिमी खाली. मीटरभरावरून फट दिसत नाही.

गावाबद्दल: प्रेक्षकाची बाजू उत्तर समजा. दक्षिण गोलार्धात दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे मागच्या रांगेची तोंडं उजेडात राहतात. दुकानांचे व्हरांडे फुटपाथवर खांब रोवून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत आणा. कोपऱ्यावर ओतीव लोखंडाच्या जाळीचं दुमजली हॉटेल, छपरं पन्हाळी पत्र्याची, मागे खाणीचा उभा सांगाडा आणि फिकट पिवळट-करड्या मातीचे ढिगारे. यूकॅलिप्टसचा हिरवा बाटलीतून थेट वापरू नका, त्यात करडा आणि थोडा तपकिरी मिसळा.

पावसाळी_प्लाय

पोस्टाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ पावणेसहावर लावा आणि बारच्या दारात माणसांची झुंबड करा. व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत बार संध्याकाळी सहाला बंद व्हायचे.

एकेरी_मार्ग

सनबोर्ड आणि रिले पक्के. चार डायोड पुरतील ना?

चार_चेंजओव्हर

लूपचे दोन, टर्मिनसचे दोन. सहा आणा, झाळताना एखादा उलटा लागतोच.