चरबी गोठवायचे 84,000 रुपये: हा भाव नक्की कशाचा?

कसबेकरीण
माझ्या धाकट्या जावेने पुण्यातल्या एका क्लिनिकमधून चरबी गोठवण्याचं, म्हणजे क्रायोलिपोलिसिसचं कोटेशन आणलंय. वरचं पोट, खालचं पोट, दोन्ही कुशी असे चार भाग. प्रत्येक भागाची दोन सेशन्स, सेशनला 15,000. बेरीज 1,20,000. ती पेनाने खोडून खाली 84,000 लिहिलंय आणि शेजारी 'आज पैसे भरल्यास'. मशीन कोणतं, ते लावणार कोण, तीन महिन्यांनी फरक दिसला नाही तर पुढे काय, यातलं एक अक्षरही त्या कागदावर नाही.

बसल्या जागी 36,000 उतरतात, त्याला दर म्हणायचं का? रक्कम जास्त की कमी हे मी नंतर बघेन. पण आपण काय विकत घेतोय हे लेखी मिळत नाही तोवर ॲडव्हान्ससुद्धा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

खडीसाखर
मला हा सूर पटला नाही. मी 60,000 खर्च केले आणि मला समाधान आहे. वजन मी आधीच उतरवलं होतं, पण कमरेच्या दोन वळ्या काही केल्या हटत नव्हत्या. सुरी नको, भूल नको, सुट्टी नको. तासभर मशीनखाली बसले, जागा आठवडाभर बधिर होती, दुसऱ्या महिन्यापासून फरक दिसू लागला. एका शालूला लोक याहून जास्त घालवतात आणि कुणी हिशोब मागत नाही. बाईने स्वतःच्या शरीरावर पैसे खर्च केले की मात्र घरातले सगळे पावती तपासायला बसतात. जाऊ मिळवती असेल तर तिचं तिला ठरवू द्या.

वऱ्हाडी_पाहुणा
ठरवू द्या ना, पण ठरवताना पूर्ण माहिती तर हवी. ही यंत्रं कातडीखालची चरबी गोठवतात. आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त नातं आहे ते पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणाऱ्या चरबीचं. तिथे हे यंत्र पोचतच नाही.

पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून कसा असू शकतो, ते त्या एका फोटोत कळतं.

त्याच वर्षी अमेरिकेत क्लाइन यांच्या गटाने 15 स्थूल बायकांची लायपोसक्शननंतर, म्हणजे चरबी शोषून काढायच्या शस्त्रक्रियेनंतर, तपासणी केली. किलोंनी चरबी काढूनही इन्सुलिनचं काम सुधारलं नव्हतं. सुरीने काढून जे झालं नाही, ते दोन वळ्या गोठवून कसं होणार? तरी जाहिरातीत 'फिटनेस' आणि 'हेल्थ' हे शब्द असतातच. माझा राग त्या शब्दांवर आहे.

खडीसाखर
पण मी तब्येतीसाठी केलंच नव्हतं. साडी नीट बसावी म्हणून केलं. दातांना तारा लावतात तेव्हा कुणी साखर तपासा म्हणतं का? दिसण्यासाठी केलेला खर्च दिसण्याच्याच मापाने मोजा.

त्वचावैद्य
मी या व्यवसायात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चरबीच्या पेशींना कातडीपेक्षा थंडी लवकर बाधते, या निरीक्षणावर हार्वर्डशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॅनस्टाइन आणि अँडरसन यांनी हे तंत्र उभं केलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2010 मध्ये कुशींसाठी आणि 2012 मध्ये पोटासाठी परवानगी दिली. तंत्र खरं आहे, फसवणूक नाही.

आता भावाचं. मूळ कंपनीच्या मशीनवर प्रत्येक वापरामागे कंपनीला पैसे मोजावे लागतात. शिवाय कातडी आणि मशीनचा थंड कप यांच्यामध्ये लावायचं जेल पॅड दर वेळी नवं लागतं. ते नीट लागलं नाही तर कातडी थंडीने भाजते. स्वस्त नकली मशीन आणणाऱ्याला यातला बराच खर्च पडत नाही, म्हणून तो अर्ध्या भावात देऊ शकतो. तेव्हा 15,000 महाग की स्वस्त, हे मशीनचं नाव कळल्याशिवाय मीही सांगू शकणार नाही.

मिळतं काय? जिथे कप लावला त्या जागेच्या चरबीच्या थरात साधारण 20 ते 25 टक्के घट, तीही दोन-तीन महिन्यांत. वजनकाट्यावर काही दिसत नाही. म्हणून एका भागाचं एक सेशन करावं, तीन महिने थांबावं, त्याच उजेडात काढलेले फोटो बघावे आणि मग दुसऱ्याचं ठरवावं. आठ सेशन्सचे पैसे पहिल्या दिवशी घेणं मला वैद्यकीयदृष्ट्या पटत नाही. तरी हेही सांगतो, जागेचं भाडं आणि मशीनचे हप्ते डोक्यावर असलेले अनेक प्रामाणिक डॉक्टरही पॅकेज विकतात.

एडिसनकर
दुष्परिणामांचा विषय राहिला. इकडे अमेरिकेत सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने 2021 मध्ये जाहीर सांगितलं की या उपचारानंतर चरबी कमी होण्याऐवजी वाढून घट्ट झाली. तिने 5 कोटी डॉलरचा दावा लावला, तो 2022 मध्ये आपसांत मिटला. हा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर डाएटने जात नाही, बहुतेकदा लायपोसक्शनच करावं लागतं. त्याचा खर्च कोण देणार?

कसबेकरीण
हाच माझा मुद्दा. आरोग्य विम्यात सौंदर्योपचार वगळलेले असतात, म्हणजे तो खर्चही आपल्याच खिशातून. आणि त्या क्लिनिकची बाई म्हणाली, 'मॅडम, झीरो कॉस्ट ईएमआय आहे.' रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज प्रोसेसिंग फीत किंवा न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं. खडीसाखर, तुम्हाला गुण आला याचा आनंदच आहे. पण तुम्हाला मशीनचं नाव सांगितलं होतं का?

खडीसाखर
हो, आणि मी एकाच भागापासून सुरुवात केली होती. म्हणूनच म्हणते, क्लिनिक निवडणं आपल्या हातात असतं. एका कागदावरून सगळ्या उपचाराला झोडपू नका. जावेचा प्रश्न नक्की काय आहे ते तरी सांगा.

कसबेकरीण
दोन बाळंतपणं झाली, धाकटा तीन वर्षांचा आहे. वजन पूर्ववत आहे, पण बेंबीभोवती पोट पुढे येतं, संध्याकाळी जास्तच.

त्वचावैद्य
मग आधी थांबा. ही चरबी नसण्याची बरीच शक्यता आहे. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात आणि काहींचे पुन्हा जुळत नाहीत. तुमच्या जावेला पाठीवर झोपून गुडघे दुमडायला आणि डोकं किंचित उचलायला सांगा. बेंबीच्या वर-खाली मधोमध दोन बोटांहून जास्त फट लागली, तर चरबी गोठवून ते पोट आत जाणार नाही, पैसे 84,000 द्या नाहीतर 8,000. बेंबीचा हर्निया असेल तर तिथे तो कप लावूच नये. एखाद्या सर्जनला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, फट असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. कोटेशन देण्याआधी त्या क्लिनिकमध्ये कुणी त्यांचं पोट हाताने तपासलं होतं का?

कसबेकरीण
नाही. टेपने मोजलं आणि फोटो काढले, एवढंच. तिला आत्ताच फोन करते.