हिमनदी ओलांडताना काय झालं? अनुभव लिहा

सप्टेंबरात गोमुख-तपोवन-नंदनवन हा गंगोत्री हिमनदीवरचा ट्रेक करून आले. तेव्हापासून एकच विषय डोक्यात आहे, म्हणून हा धागा काढतेय. उंचावरची हिमनदी ज्यांनी पायी ओलांडली आहे त्यांनी इथे सविस्तर लिहा. शिखराचं, फोटोंचं नंतर. पायाखाली काय होतं, कशाची भीती वाटली, कुणी पार नेलं, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. सह्याद्रीत पंधरा वर्षं फिरले. घसारा, कातळ, शेवाळलेल्या पायऱ्या अंगवळणी पडल्या आहेत. हिमनदीबद्दल मात्र मनात चित्र होतं ते पांढऱ्याशुभ्र बर्फाचं. तपोवनच्या काठावरून खाली पाहिलं, तर धरणाच्या कामावर मुरूम ओतून ठेवतात तसे राखाडी ढीग, पार पलीकडच्या डोंगरापर्यंत. गंगोत्री हिमनदी साधारण ३० किलोमीटर लांब आहे आणि तिचा खालचा भाग असा दगडमातीने झाकलेला आहे. बर्फ त्याच्या खाली. एखाद्या फटीत तो हिरवट काळा दिसतो आणि आतून पाणी वाहिल्याचा आवाज येतो.

एका जागी आम्ही पाणी प्यायला थांबलो, तिथे मी खाली वाकून नीट पाहिलं. अंगठ्याएवढा काळा खडा उन्हाने तापून बर्फात रुतला होता, स्वतःच्याच मापाच्या खळग्यात, वर बोटभर पाणी. आणि दहा पावलांवर जेवणाच्या टेबलाएवढी शिळा बर्फाच्या खांबावर उभी होती. मोठ्या दगडाची सावली खालचा बर्फ वितळू देत नाही, भोवतालचा खाली जातो, म्हणून ती अशी वर राहते. आमचा वाटाड्या उत्तरकाशीकडचा. तो म्हणाला, "दीदी, इसके नीचे से कभी मत जाना. दोपहर को ये गिरता है."

त्याने आम्हाला पहाटे पाचला काढलं होतं ते त्यासाठीच. रात्रभर गोठून दगड घट्ट बसलेले असतात, ऊन चढलं की सुटतात. साडेदहानंतर चारही बाजूंनी खडखडाट सुरू झाला. मी लगोऱ्या, म्हणजे वाटेच्या खुणेसाठी एकावर एक रचलेले दगड, बघून वाट शोधत होते, तर तो म्हणाला या मागच्या वर्षीच्या आहेत, आता उपयोगाच्या नाहीत. खालचा बर्फ सरकतो, त्यामुळे वाट दर मोसमात नवी. पलीकडे नंदनवनच्या चढाला लागायला चार तास लागले. गडावरची वाट एकदा पाठ झाली की झाली. इथे तसं नाही, आणि मला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

नाशिकहून, पिन-पार्वती केलेला

तुमची दगडांची, आमची बर्फाची. पिन-पार्वती खिंड ५,३१९ मीटरवर आहे. कुलूच्या पार्वती खोऱ्यातून चढायचं आणि स्पितीत मूद गावाकडे उतरायचं. खिंडीच्या अलीकडे हिमनदीवर लांबच लांब बर्फाचं मैदान आहे. वरून सपाट, खाली भेगा. आम्ही क्रिव्हास म्हणतो. भेगेवर बर्फाचा पूल धरलेला असतो आणि तो किती जाड आहे हे वरून कळत नाही.

आम्ही अकरा जण होतो. ज्यांच्यातर्फे गेलो त्यांनी दोरी एकच आणली होती आणि हार्नेस (दोरी अडकवायचे कमरेचे पट्टे) पाच. नाव घेत नाही, पण हे निघण्याआधी मनालीत तपासायला हवं होतं, असं आजही वाटतं. पाच जण दोरीला, बाकीचे त्यांच्या पावलांवर पाऊल टाकत. मी बाकीच्यांत. सकाळी साडेआठच्या सुमारास माझा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. खाली टेकायला काहीच नव्हतं. बूट मोकळ्या हवेत हलत होता, आणि त्या भोकातून वर येणारी थंडी गालाला लागत होती. मी ओरडलोसुद्धा नाही. पुढच्या मुलाने मागे न वळता, "लेट जाओ, हाथ फैलाओ" म्हटलं. तो आधी स्वतः आडवा झाला, मग काठी माझ्याकडे सरकवली. आडवं झाल्यावर वजन पसरतं, पूल टिकतो. सरपटत बाहेर आलो.

पुढच्या ट्रेकआधी मी कंपनीला तीन प्रश्न विचारले: दोऱ्या किती, हार्नेस माणशी एक आहे का, आणि भेगेत पडलेल्याला वर काढायचा सराव कुणी केला आहे. दोन ठिकाणी उत्तर मिळालं नाही, तिथे गेलो नाही.

ठाण्याहून

वय ५८, दोन्ही गुडघे कुरकुरतात. गोमुखपर्यंत जाऊ का? हिमनदीवर चढायचं नाही.

धागा काढणारी

ताई, नक्की जा. गंगोत्रीपासून गोमुख १८ किलोमीटर, मुक्काम १४ किलोमीटरवर भोजबासाला. चढ फार नाही, विरळ हवा जाणवते. परवाना आधी काढा, दिवसाला १५० जणांनाच सोडतात. गोमुख म्हणजे हिमनदीचं तोंड, त्याच्या अगदी जवळ मात्र जाऊ नका, बर्फाचे कडे कोसळतात. लांबूनच नमस्कार करा.

झुरिकहून

आमच्याकडची आलेच हिमनदी, आल्प्समधली सगळ्यात मोठी. युंगफ्राऊयोखला रेल्वेने ३,४५४ मीटरपर्यंत जायचं, तिथे पर्यटकांच्या गर्दीतून बाहेर पडून दोरी बांधायची आणि दोन दिवस बर्फावरून चालत खाली. पहिला मुक्काम कोन्कोर्डिया इथे. तीन बाजूंचे बर्फाचे ओघ तिथे एकत्र येतात आणि बर्फाची जाडी ८०० मीटरहून जास्त आहे. नवरा म्हणाला, आपण बुर्ज खलिफाएवढ्या बर्फावर उभे आहोत.

मला आठवतो तो जिना. डोंगरावरची झोपडी १८७७ साली बांधली तेव्हा बर्फापासून जेमतेम ५० मीटर वर होती. आता बर्फ इतका खाली गेला आहे की कड्याला लोखंडी जिना लावलाय, चारशेहून जास्त पायऱ्यांचा. दिवसभर चालून तो चढायचा. गाइड चाळीस वर्षं त्याच वाटेवर आहे. त्याने जिन्याच्या मधल्या एका पायरीवर थांबून हात कठड्यावर ठेवला आणि म्हणाला, मी लागलो तेव्हा बर्फ इथे होता. आम्ही दोघंही खाली बघत राहिलो. नुसती उंचीच पाहिली आम्ही, कुणाला बोलवेना.

सातारा जिल्ह्यातून, निवृत्त

मी लिहिणारा माणूस नाही, पण विषय बघून राहवलं नाही. सियाचीनवर होतो. ७६ किलोमीटरची हिमनदी, १९८४ पासून आपली फौज तिथे आहे. ट्रेक म्हणून नाही, ड्यूटी म्हणून चाललो. वर जाण्याआधी ओपी बाबाच्या (जवानांचं रक्षण करतो असं मानतात, त्या सैनिकाच्या) मंदिरात रिपोर्ट द्यायचा, खाली आल्यावर परत द्यायचा. ही रीत कुणी मोडत नाही.

चालायचं ते रात्री किंवा पहाटे, बर्फ कडक असतो तेव्हा. सगळे एका दोरीत. पुढचा काठी खुपसत जातो, काठी सहज आत गेली की हात वर, सगळे उभे. दोरीत ढील ठेवायची नाही आणि ताणायचीही नाही. मागच्याच्या श्वासावरून कळायचं तो थकलाय का. उघड्या हाताने लोखंड धरलं तर कातडी चिकटते. माझ्या उजव्या तर्जनीचं टोक अजून सुन्न आहे.

पुण्याहून

मी १९८८ साली कॉलेजच्या ग्रुपबरोबर गोमुखला गेलो होतो आणि २०१७ मध्ये मुलीला घेऊन परत. जुना फोटो बरोबर नेला होता. भागीरथी शिखरं जुळली, कड्याच्या रेषा जुळल्या, पण त्यात जिथे बर्फाची भिंत आहे तिथे आम्ही वाळूत उभे होतो. तोंड अजून बरंच आत. ही हिमनदी वर्षाला साधारण २० मीटर मागे सरते असं वाचलं होतं. मुलीने फोटो हातात धरून विचारलं, "बाबा, हे सगळं कुठे गेलं?" मी तिला खाली वाहणारी भागीरथी दाखवली.

कोल्हापूरहून, डॉक्टर

वासुकी ताल या तळ्याहून नंदनवनला परतलो, त्या रात्री आमच्यातल्या एकाचा कोरडा खोकला वाढला. नऊला तंबूत बघितलं तर आडवं झाल्यावर दम लागत होता, नखं निळसर. छातीला कान लावला, खाली बारीक बुडबुड. फुप्फुसात पाणी. अशा वेळी एकच खरं औषध, उतरवणं. निफेडिपिन दिलं, उशाला सॅक लावून बसवलं. त्या काळोखात चतुरंगी हिमनदीच्या तोंडाजवळचे दगड आणि पुढचा रक्तवर्ण हिमनदीचा पट्टा ओलांडायची माझी हिंमत नव्हती, आणि सकाळपर्यंत थांबायचीही नव्हती. आयुष्यात इतका हतबल क्वचितच झालोय.

आमच्यातला एक नेपाळी पोर्टर, आम्ही त्याला दाजू म्हणायचो, बाहेर जाऊन आकाश बघून आला. "तीन बजे निकलेंगे. तब पत्थर सोता है." तीनला निघालो. पेशंटच्या कमरेला दोरी, पुढे दाजू, मागे मी. दाजू हेडटॉर्च लावतच नव्हता, म्हणे उजेडात जवळचंच दिसतं. प्रत्येक दगडावर आधी टाच दाबायचा, थांबायचा, मग पूर्ण वजन टाकायचा. दोन ठिकाणी दगड हलला, त्याने मुकाट्याने दिशा बदलली. चढाच्या दोन टप्प्यांवर त्याने पेशंटला पाठीवर घेतलं. सत्तर किलोचा माणूस, सव्वाचार हजार मीटरवर.

गोमुखच्या खाली उजाडलं तेव्हा खोकला थोडा कमी वाटला, नखं अजून तशीच. दुपारी एकला भोजबासा. तिथे ऑक्सिजनचा सिलिंडर मिळाला. संध्याकाळी त्याने वरणभात मागितला तेव्हा माझे हात थरथरायला लागले, तोवर थरथरले नव्हते. दुसऱ्या दिवशी गंगोत्री, तिथून गाडीने उत्तरकाशी.

दाजूला थांब म्हणत होतो. त्याने चहा घेतला, बुटातले खडे झटकले आणि सॅकमध्ये आमच्या ग्रुपसाठी रॉकेल भरलं. उरलेले सहा जण अजून नंदनवनला होते. गोमुखजवळ रात्र काढून पहाटे तीनला तो पुन्हा त्याच दगडांवरून वर जाणार होता.