मदत हवी आहे : वेस्नॉथमधे खेळाडूला स्वतःची फॅक्शन (सैन्य) बनवू द्यायचीय, पॉइंट्सचं गणित बसत नाहीये

नमस्कार मंडळी,

बॅटल फॉर वेस्नॉथसाठी एक अ‍ॅड-ऑन करतोय आणि एका जागी पक्का अडकलोय. मॉडिंग केलेलं नसलं, नुसता भरपूर खेळला असाल तरी प्लीज वाचा, कारण मुख्य अडचण कोडची नाहीच आहे. ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, षटकोनी घरांवर खेळायचा टर्न-बेस्ड फँटसी गेम, २००३ पासून चालू आहे, फुकट आणि ओपन सोर्स. डिफॉल्ट एरामधे (एरा म्हणजे निवडायला मिळणाऱ्या फॅक्शन्सचा संच) लॉयलिस्ट्स, रेबेल्स, नॉर्दर्नर्स, अनडेड, नॉल्गन्स आणि ड्रेक्स अशा ६ फॅक्शन्स मिळतात, त्यातली एक घ्यायची आणि खेळायचं, आत बदल करायची सोय नाही.

मला तीच सोय हवीये. म्हणजे खेळाडूने आधी मूळ सैन्य निवडायचं, मग हातात १० पॉइंट्स, त्यातून गुण विकत घ्यायचे, आणि एखादा दोष पत्करला तर पॉइंट्स परत मिळायचे. कल्पना नवी नाही हे मान्य, १९९४ च्या मास्टर ऑफ मॅजिक या गेममधे स्वतःचा जादूगार बनवताना ११ पिक्स (म्हणजे पॉइंट्सच) मिळायचे, त्यातले ३ मिरन या एकट्या गुणाला गेले की बाकीचे अगदी जपून टाकावे लागायचे, आणि लाइफ आणि डेथ ही जादूची पुस्तकं एकत्र घेताच यायची नाहीत. मला ते बंधनच आवडतं, त्यामुळे प्रत्येक जादूगार खरंच वेगळा व्हायचा. एज ऑफ वंडर्स ४ मधे शरीर, संस्कृती, समाज आणि जादू हे सगळं सुटं सुटं निवडता येतं, ते बघून तर हात शिवशिवतात. पण नुसतं ५ टक्के इकडे, १० टक्के तिकडे असलं कस्टमायझेशन मला नकोय, निवड केल्यावर खेळायची पद्धत बदलली पाहिजे. एंडलेस लेजंडमधले ब्रोकन लॉर्ड्स अन्न वापरतच नाहीत, सगळा कारभार डस्टवर (त्या गेममधलं चलन), एवढ्या एका गोष्टीने अख्खा डाव बदलतो, तसं काहीतरी.

आता अडचण. एकच गुण वेगवेगळ्या सैन्याला वेगळ्या किमतीचा पडतो. उदाहरण देतो, "कणखर" नावाचा गुण ठेवलाय, सगळे रेझिस्टन्स (वारातला किती टक्के भाग अडवला जातो तो आकडा) १० टक्क्यांनी वाढतात, किंमत ३ पॉइंट्स. भालेवाल्याचा एक वार ७ चा. समोर ० टक्के रेझिस्टन्सवाला असेल तर ७ बसतात, कणखर असेल तर ६.३ म्हणजे राउंड होऊन ६, ठीक आहे. पण अनडेडमधल्या स्केलेटनचा भाल्याविरुद्ध रेझिस्टन्स आधीच ६० टक्के, तिथे २.८ म्हणजे ३ बसायचे ते ७० टक्क्यांवर २.१ म्हणजे २ झाले! एकाचं नुकसान सातव्या हिश्शाने कमी झालं, दुसऱ्याचं तिसऱ्या हिश्शाने, आणि दोघांनी मोजले ३च पॉइंट्स. मग अनडेडवाला हा गुण सोडेल कशाला.

दोषांचं तर त्याहून वाईट आहे. "गरीब गावं" म्हणून एक दोष आहे, गावामागे दर टर्नला २ ऐवजी १ च सोनं मिळतं, बदल्यात ३ पॉइंट्स परत. मोठ्या मॅपवर वाट्याला ८ गावं आली तर टर्नला ८ सोनं जातं, म्हणजे जवळपास दोन टर्नमागे एक भालेवाला (तो १४ ला येतो) बुडाला, हे दुखतं. पण छोट्या मॅपवर चारच गावं असली तर निम्मंच नुकसान, आणि तिथे डाव बहुतेक सुरुवातीच्या १०० सोन्यावरच ठरतो, त्यामुळे दोष घ्यायचा, आलेल्या ३ पॉइंट्समधून तगडा सरदार उचलायचा आणि पाचव्या टर्नच्या आत समोरच्याला चेपायचं. जो दोष खेळताना जाणवतच नाही त्याला दोष म्हणायचं कशाला? टेस्टिंगला बसलेले सगळे न बघता तोच घेतात.

शिवाय दोन तांत्रिक गोष्टी. एरामधे ऑप्शन्स टाकले की ते होस्ट (डाव मांडणारा) ठरवतो आणि सगळ्यांना सारखेच लागतात, मला प्रत्येक खेळाडूची वेगळी निवड हवीये. पहिल्या टर्नला ज्याच्या त्याच्या पाळीत विचारून बघितलं तर नंतरचा खेळाडू आधीच्याचं बघून त्यावर उतारा निवडतो. आणि रिक्रूट इव्हेंटमधे (युनिट सोनं देऊन भरती होताना चालणारा कोड) गुण लावतोय तर प्लेगने, म्हणजे मारलेल्या शत्रूतून, उठलेल्या वॉकिंग कॉर्प्सना तो लागतच नाही, कारण ते रिक्रूट झालेलेच नसतात.

तर किमती कशा ठरवू? गुण कमी करायची माझी तयारी नाहीये, आधीच सांगतो, तेवढ्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

प्रतिसाद

मस्त काम घेतलंय. तांत्रिक आधी सांगतो. लुआमधे (गेमची स्क्रिप्टिंग भाषा) सिंकखाली इव्हॅल्युएट मल्टिपल हे फंक्शन आहे ते वापरा, स्टार्ट इव्हेंटमधे सगळ्या साइड्सना एकदमच विचारता येतं, कुणाला कुणाचं दिसत नाही आणि आउट ऑफ सिंकही (खेळाडूंच्या मशीनवरचे डाव एकमेकांशी न जुळणं) होत नाही. कॉम्प्युटर खेळवतो त्या एआय साइडसाठी वेगळं फंक्शन द्यावं लागेल, त्यात ठरलेला एखादा संच देऊन टाका. कॉर्प्ससाठी रिक्रूट सोडा, युनिट प्लेस्ड इव्हेंट (युनिट कसंही मॅपवर आलं की चालतो) घ्या, फक्त तो एकाच युनिटला पुन्हा पुन्हा चालू शकतो म्हणून गुण लावला की युनिटवर एक व्हेरिएबल खूण ठेवा, नाहीतर रेझिस्टन्स वाढतच जाईल.

किमतीचं म्हणाल तर सगळ्यांना एकच भाव हा हट्ट सोडा. किंमत मूळ सैन्यागणिक ठेवा, कणखर लॉयलिस्टला ३ तर अनडेडला ५. किंवा १० टक्के वाढवण्याऐवजी "उरलेल्या नुकसानातला दहावा हिस्सा कमी" असं करा, मग ६० चे ७० न होता ६४ होतील आणि तो ३ चा वार ३ च राहील. दोषांचे पॉइंट्स मात्र मॅप लोड झाल्यावर गावं मोजून द्या.

धागाकर्ता

६४ वालं एकदम पटलं, आजच बदलतो, आणि त्याने एकच भाव ठेवता येईल हे जास्त महत्त्वाचं, कारण सैन्यागणिक तक्ता केला तर प्रत्येक नव्या गुणाला सहा किमती टेस्ट कराव्या लागतील. गावं मोजून पॉइंट्स द्यायचं पण जमेल असं वाटतंय. फक्त एक, बहुतेक ड्रेक्सचे भाल्याविरुद्धचे रेझिस्टन्स मायनसमधे असतात (म्हणजे वार मूळ आकड्यापेक्षा जास्त बसतो), तिथे हा दहाव्या हिश्शाचा हिशोब उलटा पडतो, ज्याला जास्त लागतं त्यालाच जास्त फायदा. मायनसवाल्यांना सरळ ठरावीक आकडा द्यावा का? कुणी ड्रेक्स नेमाने खेळत असेल तर नक्की सांगा.