ईम गावची चर्च-नोंदवही: साल जुळत नाही

प्रश्न: इंग्लंडातल्या डर्बीशरमधल्या ईम गावाला प्लेग सप्टेंबर १६६५ मध्ये आला. मग दफननोंदीतला 'फेब्रुवारी १६६५' साथीआधीचा धरायचा का?

उत्तर १: अजिबात नाही. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १ जानेवारी ते २४ मार्चच्या नोंदींत एक वर्ष मिळवा. टिपणात १६६५/६६ लिहा, नाहीतर पुढचा वाचणारा पुन्हा एक मिळवतो.

उत्तर २: नोंदीतल्या माणसांची थडगीही शोधत असाल, तर ती फक्त गावच्या सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात शोधू नका. साथीत रेक्टर (चर्चचे धर्मगुरू) माँपेसन यांनी प्रार्थना ककलेट डेल्फ या गावाजवळच्या घळीत, उघड्यावर नेली आणि घरच्यांनीच आपली माणसं शेतात, परसात पुरली. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, बिचारीने एकटीने! ती थडगी गावाबाहेर रायलीला आहेत.

उत्तर ३: माँपेसन यांची पत्नी कॅथरीन मात्र चर्चच्या आवारातच आहे.