मदत हवी आहे: पेक्टिनच्या गमी कँडीवरची साखर विरघळतेय

घरी फळांच्या रसाच्या गमी करतेय. जिलेटिन आम्हाला चालत नाही, त्यामुळे तो पर्याय कृपया नको. अगर-अगर वापरून पाहिलं; सेट छान होतं, पण चावलं की कच्चकन तुटतं, गमीचा तो चिवटपणा नाही. म्हणून जॅमसाठीच्या पेक्टिनवर आले.

पेक्टिन आधी थोड्या साखरेत कोरडंच मिसळते (नाहीतर अशा गुठळ्या होतात की विचारू नका), मग रसात घालून उकळते. उरलेली साखर आणि ग्लुकोज सिरप घालून 106 अंश सेल्सिअसपर्यंत आटवते. सायट्रिक ॲसिडचं पाणी अगदी शेवटी, आणि लगेच सिलिकॉनच्या साच्यात. इथवर सगळं झकास: गमी दुमडली तरी मोडत नाही.

घोळ पुढे आहे. साखर आणि थोडं सायट्रिक ॲसिड यात घोळवून ठेवलं की दुसऱ्या दिवशी वरची साखर ओली होते, डब्याच्या तळाशी चिकट पाक साठतो. घोळवण्याआधी रात्रभर उघड्यावर सुकवून पाहिलं, थोडाच फरक पडला. साखरेत कॉर्नफ्लोर मिसळलं तर पिठूळ लागतं. फ्रिजमधून बाहेर काढल्यावर तर आणखीच घाम सुटतो. डिहायड्रेटर नाही, साधा ओव्हन आहे.

पाक 107-108 अंशांपर्यंत न्यावा, की तापमान तेच ठेवून जास्त दिवस सुकवावं? आणि वरच्या साखरेतल्या सायट्रिक ॲसिडमुळेच ओल धरतेय का?